दमट हवेचे अर्थशास्त्र

मुंबईत कापडगिरण्या का एकवटल्या, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या प्रत्येकाला पाठ असते. दमट हवेत सूत तुटत नाही, बंदर हाताशी, पाठीशी कापूस पिकविणारी काळी जमीन, आणि ती जमीन बंदराला जोडणारी रेल्वे. पदवीच्या वर्गात हेच चार मुद्दे थोडे फुगवून लिहिले की भूगोलाची उत्तरपत्रिका पुरी होते. आता वस्तुस्थिती पाहावी. मुंबईची हवा आजही दमट आहे. बंदर जागच्या जागी आहे, रेल्वे धावते आहे, वऱ्हाडात कापूस पिकतो आहे. गिरण्या तेवढ्या नाहीत. लालबाग-परळच्या धुराड्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले, आणि त्या मनोऱ्यांचा खुलासा दमट हवेने होत नाही.

खरे तर हा खुलासा पहिल्या दिवसापासूनच लंगडा होता. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या गिरणीची कंपनी काढली ती व्यापारात साठलेल्या भांडवलाच्या बळावर. १८७७ साली जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल सुरू केली ती नागपुरात, जेथला उन्हाळा अंगाची लाही करतो. कोरडी हवा यंत्राने दमट करता येते. गिरणीत राबणारा माणूस मात्र यंत्राने निर्माण करता येत नाही. तो कोठून आला? क्रमिक पुस्तक म्हणते, ‘स्वस्त मजुरांचा मुबलक पुरवठा’. जणू मजूरही नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबरच किनाऱ्याला लागतो! रत्नागिरीच्या डोंगरउतारावरचे कूळ खोताच्या मागणीखाली दबून घराबाहेर पडले, साताऱ्याचा अल्पभूधारक सावकार आणि अवर्षण यांच्या कात्रीत सापडून बोरीबंदरला उतरला, हे त्या एका वाक्यात गडप होते. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात आणले. ते विधेयक आणि गिरणगावातील चाळीची खोली यांचा काही संबंध आहे, असे विद्यापीठाचा कोणताही एक विषय सांगत नाही. खोती इतिहासात जाते, चाळ समाजशास्त्रात, मजुरी अर्थशास्त्रात आणि पाऊस भूगोलात.

शेजारच्या खोलीत अर्थशास्त्राचा तास चालू असतो. तेथील हालही निराळे नाहीत. रिकार्डोने १८१७ साली मांडलेला भूखंडाचा सिद्धांत फळ्यावर आकृती काढून शिकविला जातो. सुपीक जमीन, कमी सुपीक जमीन, गव्हाचा भाव आणि त्या दोहोंतील फरकातून जमीनमालकाच्या पदरात विनाश्रम पडणारे उत्पन्न. विद्यार्थी आकृती पाठ करतो. पण १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले तेव्हा त्यांच्या पायांखालची सुमारे ६०० एकर जमीन कापडापेक्षा मोलाची होत चालली होती, हे रिकार्डोच्या भाषेत त्याला कोणी सांगितले नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीची तीन भागांत वाटणी ठरविली: एक भाग शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक गृहनिर्माणासाठी, एक मालकाला. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली. वाटणी गिरणीच्या सगळ्या जमिनीची न होता, आधीपासून रिकाम्या असलेल्या तेवढ्याच जमिनीची होईल असे ठरले. बांधकामाखालची जमीन सुटली, आणि शहराचा व कामगारांच्या घरांचा वाटा कागदावरच आटला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती कायम ठेवली. एका वाक्याच्या फेरफाराने केवढी संपत्ती कोणाकडून कोणाकडे गेली हे समजण्यास एका हातात नकाशा आणि दुसऱ्या हातात भूखंडाचा सिद्धांत लागतो. मालकांच्या सल्लागारांपाशी दोन्ही होते. कामगारांच्या बाजूला बोनसची आकडेमोड करणारे पुष्कळ होते. जमिनीचा हिशेब मांडणारे फार थोडे आणि फार उशिरा आले.

भूगोल आणि अर्थशास्त्र विद्यापीठात एकत्र शिकवावे काय, हा म्हणून वेळापत्रकाचा प्रश्न नाही. साधनसंपत्ती कोठे आहे हे ज्याला कळते त्याला ती कोणाची आहे हे विचारण्याची मुभा नाही. ती कोणाची आहे हे ज्याला मोजता येते त्याने ती कोठे आहे हे पाहिलेले नाही. अज्ञानाची ही वाटणी ज्यांच्या सोयीची आहे ते ती आपणहून मोडणार नाहीत.

ही वाटणी सनातन आहे असेही कोणी समजू नये. जोतीराव फुल्यांच्या १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये ती नाही. तेथे डोंगरावरचा पालापाचोळा आणि शेण पावसाबरोबर शेतात वाहून येऊन जमीन कशी कसदार होत असे, जंगलखात्याने राने बंद केल्यावर ती कशी निकस झाली, शेतसारा कसा वाढला आणि शेतकरी कर्जात कसा बुडाला, हे सारे एकाच साखळीचे दुवे म्हणून येते. सरकारने फौजेतील व पोलिसांतील रिकामी माणसे लावून बांधबंधारे घालावेत, पाणी शेतात मुरवावे, ही सूचनाही तेथेच आहे. जोतीरावांनी कोणत्याही विद्यापीठाची पदवी घेतली नव्हती, हे या संदर्भात कदाचित त्यांच्या पथ्यावरच पडले. डॉ. आंबेडकरांपाशी पदव्या पुष्कळ होत्या. पण १९१८ च्या लहान शेतजमिनींवरील निबंधात त्यांनी तुकडेबंदीचे सोपे औषध नाकारले आणि शेतीवर लोटलेल्या जादा माणसांना उद्योग हवा असे बजावले. तेच आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना दामोदर नदीच्या संपूर्ण खोऱ्याची एक योजना म्हणून मांडणी करीत होते: पूर, वीज, सिंचन आणि वाहतूक एकत्र. प्रांताच्या सीमेपेक्षा नदीचे खोरे मोठे, हा भूगोल. आणि त्या खोऱ्यातील वीज ही गरिबाच्या सुटकेचे साधन, हे अर्थकारण.

विद्यापीठांतही आरंभी इतका कर्मठपणा नव्हता. १९१९ साली मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र व नागरशास्त्राच्या अध्यासनावर पॅट्रिक गेडीस या जीवशास्त्रातून नगररचनेकडे वळलेल्या पंडिताला आणले. ‘स्थळ, श्रम आणि लोक’ ही त्यांची त्रयी होती, आणि पाहणीवाचून अध्ययन त्यांना मान्य नव्हते. पुण्यात १९३० साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी तालुक्यांच्या आणि शहरांच्या पाहण्या केल्या. परंतु संस्था वाढल्या, विभाग पडले, विभागांना प्रमुख लाभले, प्रमुखांना आपापल्या कुंपणाचा अभिमान चढला. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात १९७१ साली मुनीस रझांच्या पुढाकाराने प्रादेशिक विकासाचे अभ्यासकेंद्र निघाले. भूगोलतज्ज्ञ, अर्थशास्त्रज्ञ आणि लोकसंख्येचे अभ्यासक तेथे एका छताखाली आले. महाराष्ट्रातील विद्यापीठांना अर्धशतक उलटले तरी त्या वाटेने जावेसे वाटले नाही.

याची किंमत ऊस आणि पाणी या प्रश्नात जितकी स्पष्ट दिसते तितकी अन्यत्र दिसत नाही. दख्खनचे गोदावरी आणि प्रवरा कालवे दुष्काळापासून रक्षण करण्यासाठी म्हणून खोदले गेले. पण ज्वारीचा शेतकरी चांगल्या पावसाच्या वर्षी पाणी घेत नाही, आणि पाणीपट्टी आल्यावाचून कालव्याचा खर्च निघत नाही. इंग्रज अभियंत्यांनी व महसूल अधिकाऱ्यांनी मग उसाचे गट पाडून दिले. बारमाही पीक, बारमाही वसुली. दुष्काळनिवारणाचे पाणी साखरेत गेले ते असे, जमाखर्चाच्या वाटेने. गाडगीळांनी १९४८ साली याच दोन कालव्यांच्या आर्थिक परिणामांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि थोड्याच वर्षांत ते विठ्ठलराव विखे पाटलांच्या प्रवरानगर कारखान्याचे अध्यक्ष झाले. ज्या माणसाने कालवा मोजला त्यानेच सहकारी कारखाना उभारण्यास हात दिला, ही अभिमानाची गोष्ट आहे. नंतरच्या पिढ्यांनी कारखाना उचलला, मोजणी सोडून दिली.

कृषी खर्च व मूल्य आयोगाने नमूद केले आहे की, महाराष्ट्रात पिकांखालील सुमारे ४ टक्के जमिनीवरचा ऊस सिंचनाचे जवळजवळ ७० टक्के पाणी घेतो. सहकाराच्या अर्थशास्त्राला हा आकडा दिसत नाही, कारण त्याच्या ताळेबंदात टनाला भाव, उतारा, कर्ज आणि लाभांश असतात, पाण्याचा रकाना नसतो. भूगोलाच्या पुस्तकाला तो दिसत नाही, कारण तेथे ऊस हे ‘भरपूर पाणी व काळी जमीन लागणारे पीक’ असते. ते पाणी सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात कोणी, कोणत्या सत्तेच्या बळावर आणले, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. लातूर जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, हे त्या गाडीबरोबर कोणत्या विषयाच्या तासाला शिकविणार?

येथे समाजवादी छावणीतील एका जुन्या समजुतीचा समाचार घेणे भाग आहे. मालकी बदलली की नकाशा आपोआप बदलेल, असे पुष्कळ कार्यकर्ते मनोभावे मानत आले. म्हणून भूगोल हा त्यांना शाळामास्तरांचा विषय वाटतो. खरे शास्त्र ते अर्थशास्त्र. साखर कारखानदारीत खाजगी मालकाच्या जागी सभासद शेतकरी आला, कायद्याने मालकी बदलली. पाणी मात्र धरणाखालच्या त्याच पट्ट्यात राहिले आणि वरच्या कोरडवाहू गावातील शेतमजूर कोयता घेऊन त्याच पट्ट्यात ऊसतोडीला येत राहिला. मालकीच्या प्रश्नाबरोबर स्थळाचा प्रश्न सोडविला नाही, तर सहकारही एका खोऱ्याची मिरासदारी होते. १९७४ साली पुरंदर तालुक्यातील नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली आणि जमिनीच्या प्रमाणात नव्हे, कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात पाणी वाटले, उसाला मनाई केली. भूमिहीनालाही पाण्यात वाटा ठेवला. उतार, नाला, विहीर आणि हक्क यांचा एकत्र विचार झाला म्हणून ते घडले. जो विचार नायगावच्या शेतकऱ्याला झेपला तो विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाला झेपू नये, यास काय म्हणावे?

नियोजनकर्त्यांचे उदाहरण तर शिकवून सोडण्यासारखे आहे. १९५० च्या दशकात केंद्र सरकारने पोलाद व कोळसा देशभर सारख्याच भावात मिळावा म्हणून मालवाहतुकीचे समानीकरण केले. वर्गातील फळ्यावर हा न्याय शोभून दिसतो. प्रत्यक्षात झाले असे की, ज्या बिहारच्या पोटात कोळसा आणि लोखंड होते त्याची निसर्गदत्त सोय एका आदेशाने पुसली गेली. कारखान्यांना खाणीजवळ जाण्याचे कारण उरले नाही. ते बंदराकडे, बाजाराकडे आले. कापसाला मात्र असे समानीकरण नव्हते, त्यामुळे पश्चिमेची सोय अबाधित राहिली. १९९० च्या दशकाच्या आरंभी हे धोरण गेले तोवर चार दशके उलटली होती. या धोरणाचा फायदा ज्यांना झाला त्यांत महाराष्ट्र पुढे होता, हे महाराष्ट्रातील समाजवाद्यांनी तरी उघडपणे म्हटले पाहिजे. बिहारचा मजूर मुंबईत आला की ‘परप्रांतीय’ म्हणून त्याच्यावर धावून जाणाऱ्यांना तो कोणत्या रेल्वेभाड्याच्या तक्त्यामुळे आला हे सांगण्याचे काम भूगोल आणि अर्थशास्त्र मिळूनच करू शकतात.

घराजवळही तेच. महाराष्ट्रातील प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने १९८४ साली अहवाल दिला. जिल्हा हे एकक, राज्याची सरासरी हा मापदंड आणि त्याखाली जेवढी तूट तेवढा अनुशेष. समितीचे परिश्रम थोर, आणि तिच्यामुळे विदर्भ-मराठवाड्याच्या गाऱ्हाण्याला आकड्यांचे बळ आले यात शंका नाही. परंतु सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस माण तालुक्याला ५०० मिलिमीटरची वाट पाहावी लागते. या दोहोंची सरासरी काढून जो सातारा जिल्हा मिळतो तो पृथ्वीच्या पाठीवर कोठेही नाही. सरासरी ही अर्थशास्त्रज्ञाची सोय असते. माणच्या मेंढपाळाला तिचा आसरा नसतो.

आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या समर्थकांचे म्हणणे असे की, विषयांच्या भिंती कोसळल्या. विद्यार्थ्याने एक मुख्य विषय घ्यावा, दुसरा दुय्यम घ्यावा, श्रेयांक गोळा करावेत. भूगोलासोबत अर्थशास्त्र घेण्यास कोणाची हरकत आहे? हरकत नाही, आणि सोयही नाही. दोन विषय एकाच गुणपत्रिकेवर छापले म्हणजे ते एकत्र शिकविले गेले असे होत नाही. सोमवारी मृदांचे प्रकार आणि मंगळवारी मागणीची लवचिकता शिकणारा विद्यार्थी बुधवारी दोन्ही विसरतो, कारण त्या दोहोंना जोडणारा एकही प्रश्न परीक्षेत येत नाही. शिवाय ज्या ग्रामीण महाविद्यालयात भूगोलाची जागा रिक्त आणि अर्थशास्त्र तासिका तत्त्वावरच्या अध्यापकाच्या गळ्यात, तेथे निवडीचे स्वातंत्र्य म्हणजे रिकाम्या दुकानात वाटेल ते घेण्याची मुभा. शहरातील महागड्या खाजगी विद्यापीठांत हे संयुक्त अध्ययन थाटात मिळेल. ज्याच्या तालुक्यात टँकर येतो त्याला ते मिळणार नाही.

दोन्ही विषयांतील धुरीणांचे अहंकारही कमी नाहीत. अर्थशास्त्रज्ञांना गणिताची भूल पडली. पॉल क्रुगमन यांना २००८ साली व्यापार आणि आर्थिक व्यवहारांचे स्थान यांवरील विश्लेषणासाठी नोबेल मिळाले तेव्हा त्यांतील अनेकांना जगाला जागा असते याचा साक्षात्कार झाला. भूगोलविभागांना उपग्रहचित्रांची आणि संगणकी नकाशांची भूल पडली. साधन वाईट नाही. पण जमिनीची मालकी ज्यात नाही असा रंगीत नकाशा भूखंड-दलालाच्या कामाचा असतो, तितका कुळाच्या कामाचा नसतो. डेव्हिड हार्वे या इंग्रज भूगोलज्ञाने १९७३ सालीच सामाजिक न्याय आणि शहर यांची सांगड घालून आपल्या शास्त्राला हलविले होते. महाराष्ट्रातील भूगोलविभागांपैकी किती ठिकाणी त्याचे नाव अभ्यासक्रमात सापडते, हे कार्यकर्त्यांनी आपापल्या महाविद्यालयात जाऊन पाहण्यासारखे आहे.

नोकरीचा आक्षेप नेहमीचाच. भूगोल-अर्थशास्त्राच्या पदवीधराला कोण ठेवणार? जलसंपदा, नगररचना, भूजल सर्वेक्षण, जिल्हा नियोजन समित्या, ग्रामीण पतपुरवठा यांपैकी एकही खाते असे नाही की जेथे या दोन दृष्टींची गरज नाही. महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग बेसॉल्ट खडकाचा आहे. त्याच्या भेगांत आणि कुजलेल्या थरांत मिळेल तेवढेच पाणी. बँकेचा अधिकारी तारण पाहून कूपनलिकेस कर्ज देतो. खडक कोरडा निघाला तरी हप्ता ओलाच राहतो. मराठवाड्यातील किती कर्जबाजारी घरांच्या मुळाशी असे फसलेले भोक आहे याची मोजदाद करणारा पदवीधर उगाच बेकार राहणार नाही. त्याला नेमण्याची इच्छा नसेल तर तो दोष त्याच्या पदवीचा नव्हे.

तेव्हा मागणी नेमकी हवी. प्रत्येक विद्यापीठात भूगोल व अर्थशास्त्र यांचा संयुक्त पदवी अभ्यासक्रम, दोन्ही विभागांच्या अध्यापकांनी मिळून शिकविलेला. भूखंड, पाणी, स्थलांतर आणि शहर यांवरील प्रश्नपत्रिका सामाईक. एका गावाची किंवा एका वॉर्डाची वर्षभराची पाहणी सक्तीची आणि मराठीतून लिहिलेली, म्हणजे ज्यांची पाहणी झाली त्यांना ती वाचता येईल. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांतील रिक्त जागा पूर्णवेळ भरल्यावाचून यातले काहीच होणार नाही, म्हणून ती मागणी पहिली. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यान्वये नोंदणीकृत पदवीधरांचे १० प्रतिनिधी अधिसभेवर निवडून जातात. पक्षाचे पदवीधर सभासद नोंदणीच्या अर्जाकडेही ढुंकून पाहत नाहीत आणि मग अभ्यासक्रम प्रतिगामी झाल्याची ओरड करतात. युवक शाखांनी विद्यापीठाची वाट न पाहता अभ्यासवर्गांत तालुक्याचा नकाशा आणि सात-बारा शेजारी शेजारी मांडण्यास आरंभ करावा.

पाहणीसाठी जागा शोधावयाची असेल तर एक तयार आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी पुण्याजवळचे पिंपळे सौदागर हे गाव निवडले आणि १९१७ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. माती, निचरा, विहिरी यांपासून सुरुवात करून ते जमिनीच्या तुकड्यांपर्यंत आणि कर्जापर्यंत पोचले. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली त्यांना आढळली. आज ते गाव पिंपरी-चिंचवड शहरात आहे आणि त्या तुकड्यांवर बहुमजली गृहसंकुले उभी आहेत. ७२९ तुकडे कोणाकोणाच्या हातून, कोणत्या भावाने, कोणत्या रस्त्याच्या आखणीनंतर गेले. जुने खातेदार आज कोठे राहतात. विहिरी बुजल्या की संकुलांच्या तळघरात झिरपतात. आणि त्या संकुलांत धुणीभांडी करणाऱ्या बाया कोणत्या दुष्काळी तालुक्यांतून आल्या, हे विचारीत दारोदार फिरणारी विद्यार्थ्यांची पहिली तुकडी कोणते विद्यापीठ पाठविणार आहे?